वेदी, पंगत आणि वाळू : रोमन शोकांतिकेतले काही शब्द

म्युनिसिपालटी, कम्युनिटी, इम्युनिटी हे तीन शब्द आता मराठीत पुरते रुळले आहेत. तिन्हींच्या पोटात एकच लॅटिन शब्द आहे : 'मूनुस'. मूनुस म्हणजे वाट्याला आलेले काम, पदाबरोबर येणारी जबाबदारी आणि त्याच वेळी दुसऱ्याला दिलेली भेट. अशी जबाबदारी उचलणारे नगर ते 'मूनिकिपिउम', जबाबदारी सामाईक असेल तर 'कोम्मूनिस' आणि तिच्यातून सूट मिळालेला तो 'इम्मूनिस'. देवघेव हा अर्थ असलेल्या एका फार जुन्या धातूपर्यंत भाषाशास्त्रज्ञ हा शब्द नेतात आणि 'विनिमय' हा आपला शब्दही त्याच कुळातला मानतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा हा शब्द आहे. पण 'उद्या चौकात मूनुस आहे' असे एक रोमन माणूस दुसऱ्याला सांगे तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असे की उद्या तलवारी घेतलेली माणसे एकमेकांवर सोडली जाणार आहेत.

हा अर्थ आला स्मशानाच्या वाटेने. इ.स.पूर्व 264 मध्ये युनिउस ब्रूतुस पेरा या सरदाराच्या मुलांनी बापाच्या अंत्यविधीत, रोममधल्या गुरांच्या बाजारात, तलवारबाजांच्या जोड्या लढवल्या. रोममधली ही पहिली नोंद. मेलेल्याचे देणे फेडायचे, त्याच्यासाठी काही तरी करायचे, म्हणून ते मूनुस. पुढे इ.स. 200 च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने या खेळांवर कठोर टीका केली, तेव्हा त्यालाही आधी हीच व्युत्पत्ती सांगावी लागली : मृतांप्रतीचे कर्तव्य, म्हणून मूनुस.

त्या कर्तव्याचे स्वरूप इतिहासकार लिव्हीने इ.स.पूर्व 183 च्या एका अंत्यविधीत नोंदवून ठेवले आहे. पुब्लिउस लिकिनिउस क्रास्सुस हा रोमचा मुख्य पुरोहित वारला. त्याच्या नावाने लोकांना मांस वाटले गेले, 120 ग्लॅडिएटर लढले, तीन दिवस खेळ झाले आणि शेवटी फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, पंगती बसल्या. जेवण चालू असतानाच वादळ आले आणि लोकांनी तिथेच तंबू ठोकले. मांस वाटण्याला लिव्ही 'विस्केरातिओ' म्हणतो. 'विस्केरा' म्हणजे प्राण्याचे मांस, आतडी-काळीज. एकाच सोहळ्यात बळीचे मांस, माणसांची झुंज आणि सार्वजनिक जेवण. वेदी, वाळू आणि पंगत या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. रोमन माणसाला त्या एकाच दिवशी, एकाच चौकात आणि एकाच कर्तव्याच्या नावाखाली भेटत होत्या.

रोमन शोकांतिकेतली हिंसा समजून घ्यायची तर हा चौक डोळ्यांसमोर हवा. आज संपूर्ण रूपात हाती असलेली रोमन शोकनाट्ये म्हणजे मुख्यतः सेनेकाची. एन्निउस, पाकुविउस, आक्किउस या त्याच्या पूर्वसुरींचे फक्त तुकडे उरले. सेनेका स्पेनमधल्या कोर्दुबाचा. इ.स. 41 ते 49 ही वर्षे त्याने कोर्सिका बेटावर हद्दपारीत काढली, परत आल्यावर तो नीरोचा शिक्षक झाला आणि इ.स. 65 मध्ये त्याच नीरोच्या हुकमावरून त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. त्याच्या नाटकांतले रक्त पाहून वाचक दोन स्पष्टीकरणे पुढे करतात : एक तर काळच क्रूर होता, नाही तर या लेखकाची अभिरुची बिघडलेली होती. मला दोन्ही अपुरी वाटतात. क्रूर काळ पुष्कळ होऊन गेले, पण प्रत्येक काळाची क्रूरता वेगळी बोलते. सेनेकाची हिंसा कोणती भाषा बोलते हे त्याच्या शब्दांतून कळते, आणि ते शब्द त्याने मंदिरातून, न्यायालयातून, भोजनगृहातून आणि आखाड्यातून उचललेले आहेत.

पहिला शब्द आपलाच घेऊ. 'ट्रॅजेडी'साठी मराठीने 'शोकांतिका' हा शब्द घडवला. शोकात जिचा अंत होतो ती. शेक्सपिअरच्या पुष्कळ नाटकांना तो नीट बसतो. सेनेकाच्या बाबतीत मात्र तो आपल्याला उलट दिशेने नेतो. फ्लोरांस द्युपाँ या फ्रेंच अभ्यासक बाईंनी 1995 च्या आपल्या ग्रंथात सेनेकाच्या नाटकांचा सांगाडा तीन लॅटिन शब्दांत मांडला : 'दोलोर', 'फुरोर', 'नेफास'. दोलोर म्हणजे दुःख, जिव्हारी लागलेली जखम. फुरोर म्हणजे उन्माद. नेफास म्हणजे जे कोणत्याही धर्मात बसत नाही असे कृत्य. मेडियाला नवऱ्याने टाकले, आत्रेउसची बायको आणि राज्य भावाने पळवले : शोक इथे सुरुवातीलाच आहे. त्या शोकाचा उन्माद होतो आणि उन्मादातून ते कृत्य घडते. शेवटी मेडिया सर्पांच्या रथात बसून आकाशात निघून जाते, आत्रेउस आनंदाने फुलून येतो. ज्याच्या हातून घडले त्याच्यापुरता शोक संपलेला असतो. म्हणजे ही शोकाने सुरू होणारी नाटके आहेत.

मधल्या 'फुरोर'ला कायद्याचा वास आहे. इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात 'फुरिओसुस' माणसाची तरतूद होती : त्याचा आणि त्याच्या मालमत्तेचा ताबा नातलगांकडे जाई. फुरोर झालेला माणूस व्यवहारातून बाद, समाजाच्या हिशेबाबाहेर. सेनेकाचा नायक उन्मादात शिरतो म्हणजे नुसता चिडत नाही. तो नागरिकत्वाचा उंबरठा ओलांडतो.

त्या उंबरठ्यापलीकडे 'नेफास' आहे, आणि या सगळ्या चर्चेतला माझ्या मते सर्वांत श्रीमंत शब्द हाच. 'फास' म्हणजे देवांना मान्य असलेले. 'ने' लागला की त्याचा नकार. आता 'फास' कुठून आला? रोमन विद्वानांपासून आजच्या अभ्यासकांपर्यंत बहुतेकांनी तो 'फारी', म्हणजे बोलणे, या क्रियापदाशी जोडला आहे. देवाने उच्चारलेले ते फास. ज्याला उच्चारच नाही ते नेफास, म्हणजे अवाच्य. हे 'फारी' आपल्यालाही परके नाही. त्याचा संस्कृतातला भाऊबंद 'भन्' किंवा 'भण्'. महानुभावांच्या गद्यात 'भणितलें' जागोजागी भेटते आणि त्याच भणण्याचे आजचे रूप 'म्हणणे'. म्हणजे जे म्हणता येत नाही ते नेफास, आणि आपले 'म्हणणे' व त्यांचे 'फास' दूरच्या नात्याने एका घरातले.

याच 'फारी'चे आणखी दोन शब्द पाहावेत. 'फातुम' म्हणजे दैव, म्हणजे जे बोलले गेले ते. आणि 'फाबुला' म्हणजे गोष्ट, कथा. लॅटिनमध्ये नाटकालाही फाबुलाच म्हणत. जे बोलता येत नाही आणि जे बोलून दाखवायचे, ही दोन्ही एकाच धातूची लेकरे! सेनेकाच्या नाटकांचा सगळा पेच या नात्यात मावतो. 'थिएस्तेस' नाटकात आत्रेउसने केलेली पुतण्यांची कत्तल पाहून दूत धावत येतो आणि त्याला जे दिसले ते सांगणे अशक्य आहे असे म्हणतो. कोरस त्याला 'सांग, सांग' म्हणून खोदत राहतो. मग तो सांगतो, आणि इतके बारकाईने सांगतो की एकही तपशील सुटत नाही. अवाच्याची फाबुला होते.

या दूताचे बोलणे जवळून पाहण्यासारखे आहे. गोष्ट ग्रीकांकडून आलेली. आत्रेउस भावाला, थिएस्तेसला, समेटाचे आमिष दाखवून बोलावतो, त्याची तीन मुले मारतो, शिजवतो आणि बापालाच वाढतो. सेनेकाने ती मुले कशी मारली जातात ते लिहिताना खुनाची भाषा वापरली नाही, यज्ञाची वापरली. राजवाड्याच्या आतल्या बाजूला एक काळोखी राई आहे. मुलांचे हात पाठीमागे बांधले जातात, डोक्याला बळीच्या पशूला बांधतात तशी जांभळी पट्टी. धूप आहे, मद्य आहे, सुरी आहे. विधीतला एकही भाग गाळला जात नाही, कारण एवढे मोठे नेफास शास्त्रोक्तच व्हायला हवे. आत्रेउस स्वतः पुरोहित होतो, मंत्र म्हणतो. मग आतडी-काळीज काढून शकुन पाहतो. शकुन बरे निघतात, तेव्हा समाधान पावून स्वयंपाकाला लागतो. काही मांस सळईवर, काही कढईत.

या वर्णनात एक बारीक वस्तू आहे : 'मोला साल्सा', खारवलेले पीठ. रोमच्या व्हेस्टा देवीच्या कुमारी पुजारिणी एका जुन्या जातीच्या गव्हाचे पीठ आणि मीठ एकत्र करून ते बनवत. शहरातल्या सार्वजनिक यज्ञांत ते पशूच्या डोक्यावर भुरभुरत. त्या पिठाचे नाव 'मोला', म्हणून ते शिंपडणे म्हणजे 'इम्मोलारे'. मुळात या क्रियापदात रक्ताचा थेंबही नाही, फक्त पीठ आणि मीठ. पण शिंपडल्यावर जे व्हायचे ते ठरलेलेच होते, म्हणून हळूहळू इम्मोलारे म्हणजेच बळी देणे, असा अर्थ झाला. सेनेका हे पीठ आत्रेउसच्या सुरीला लावतो. रोमन श्रोत्याने ते पीठ लहानपणापासून पवित्र म्हणून पाहिलेले. त्याच्या पोटात कालवाकालव झाली असेल ती रक्ताने कमी आणि या पिठाने जास्त.

रोमन यज्ञाचा क्रमही ध्यानात घ्यायला हवा. पशू मारायचा, अवयव तपासायचे, देवाचा वाटा अग्नीत द्यायचा आणि उरलेले मांस माणसांनी वाटून खायचे. वेदीनंतर पंगत हा नेहमीचाच क्रम. आत्रेउसने नवे काही रचले नाही. त्याने क्रम जसाच्या तसा पाळला, बदलला तो फक्त बळी. म्हणून जेवणाचा प्रसंग वेडाचा झटका वाटत नाही, एखाद्या सोहळ्याचा शेवटचा भाग वाटतो. इ.स.पूर्व 183 मधल्या फोरममध्ये मांस वाटून, झुंज पाहून पंगतीला बसलेल्या लोकांचे वंशज हे ऐकत होते.

आता तिसरी जागा, वाळूची. 'हारेना' म्हणजे साधी वाळू. स्पॅनिशमध्ये 'आरेना'चा अर्थ अजून तोच आहे. पाय घसरू नये आणि रक्त शोषले जावे म्हणून झुंजीच्या जमिनीवर ती पसरत, आणि वाळूचे नावच जागेला लागले, जसे आपण कुस्तीला 'मातीतला खेळ' म्हणतो. त्या वाळूभोवती बसायच्या जागेचे नाव याहून बोलके आहे. पॉम्पेईत इ.स.पूर्व 70 च्या सुमारास दगडी लंबवर्तुळाकार रंगमंडल बांधले गेले. त्याच्या शिलालेखात 'आम्फिथेआत्रुम' हा शब्द नाही. तिथे 'स्पेक्ताकुला' आहे, म्हणजे बघण्याच्या जागा. 'स्पेकेरे', बघणे, हा मूळ धातू. आपले 'पश्य', हेर या अर्थाचा 'स्पश' आणि रोजच्या वापरातला 'स्पष्ट' हे त्याचेच संस्कृत नातलग. ग्रीकांचे 'थेआत्रोन' हेही बघण्याचेच स्थान. पण ग्रीक तिथे बसून बहुतेक वेळा मृत्यूची बातमी ऐकत, आणि रोमन स्पेक्ताकुलात मृत्यू समोर घडत असे.

ही बघण्याची सवय नाटकात कशी शिरली ते मेडियावरून कळते. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या मेडियाने, इ.स.पूर्व 431 मध्ये, मुलांना दाराआड मारले. प्रेक्षकांनी फक्त आक्रोश ऐकला. रोमन कवी होरेसने आपल्या काव्यशास्त्रविषयक पत्रात बजावून ठेवले होते की मेडियाने लोकांसमोर मुले मारू नयेत आणि आत्रेउसने माणसाचे मांस उघड्यावर शिजवू नये. (आपल्या नाट्यशास्त्रानेही युद्ध आणि मृत्यू अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असे सांगितले आहे.) सेनेकाची मेडिया एक मूल मारते आणि दुसऱ्याला घेऊन छपरावर चढते, कारण खाली तिचा नवरा जेसन आला आहे. तिला प्रेक्षक हवा होता, तो मिळाला. दुसरे मूल ती त्याच्या डोळ्यांदेखत मारते. प्रेक्षकाशिवाय तिचा सूड पुरा होत नाही.

'त्रोआदेस' या नाटकात तर सेनेकाने प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. ट्रॉय पडले आहे. ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या लहान मुलाला बुरुजावरून ढकलायचे आहे. ग्रीक सैनिक बघायला जमतात : कोणी टेकडीवर, कोणी झाडावर, कोणी मोडक्या घराच्या छपरावर. आणि एक जण, दूत सांगतो, हेक्टरच्या थडग्यावर बसून बघतो. या ओळीत सेनेकाने 'नेफास' आणि 'स्पेक्तातोर' हे दोन शब्द शेजारी आणले आहेत. मुलाच्या मृत्यूला नेफास म्हणण्याआधी तो त्या बघ्याच्या बसण्याला नेफास म्हणतो. पुढे पोलिक्सेना या ट्रॉयच्या राजकन्येच्या बळीच्या वेळी जागेचे वर्णन नाट्यगृहासारखे केले आहे आणि जमावाबद्दल म्हटले आहे की त्यांना गुन्ह्याची घृणा येते आणि तरी ते बघतात.

हे लिहिणाऱ्याने तो जमाव जवळून पाहिला होता. आपल्या सातव्या पत्रात सेनेका सांगतो की तो एकदा दुपारच्या वेळी खेळ पाहायला गेला. काही हलकीफुलकी करमणूक असेल अशी त्याची अपेक्षा होती. समोर होती निव्वळ कत्तल, अंगावर चिलखत नसलेल्या गुन्हेगारांची. सकाळी माणसे सिंह-अस्वलांपुढे टाकली जातात आणि दुपारी आपल्याच प्रेक्षकांपुढे, असे तो लिहितो. गर्दीतून आपण अधिक क्रूर होऊन घरी येतो, हे त्या पत्राचे सार.

नाटक आणि वाळू यांच्यातली भिंत त्याच्या काळात किती पातळ झाली होती ते 'लाउरेओलुस' या एका नाटकाच्या इतिहासातून दिसते. लाउरेओलुस हा क्रुसावर मरणारा दरोडेखोर. इ.स. 41 च्या जानेवारीत, सम्राट कालिगुलाचा खून झाला त्या दिवशी, हे नाटक झाले आणि खोट्या रक्ताने रंगमंच भिजला, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. जेमतेम चाळीस वर्षांनी, इ.स. 80 मध्ये कोलोसियमच्या उद्घाटनानिमित्त कवी मार्शलने लिहिलेल्या कवितांत हाच लाउरेओलुस पुन्हा येतो. या वेळी क्रुसावर खरा गुन्हेगार आहे आणि स्कॉटलंडकडचे अस्वल त्याला खरोखर फाडते आहे. मधल्या काळात, नीरोच्या एका खेळात इकारुसचे सोंग घेतलेला माणूस उडण्याच्या पहिल्याच प्रयत्नात सम्राटाच्या आसनाजवळ कोसळला आणि त्याचे रक्त नीरोवर उडाले. सेनेकाची नाटके प्रत्यक्ष रंगमंचावर झाली की निमंत्रितांपुढे वाचली गेली, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. माझ्या मते या पार्श्वभूमीवर तो थोडा दुय्यम ठरतो. नुसते वाचन असले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत ती वाळू होतीच.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. थिएस्तेसची मेजवानी, मेडिया, आंधळा ओडिपस हे सगळे ग्रीकांचेच. मग रोमन संस्कृतीने यात काय घातले? घटना ग्रीक, विधी रोमन. मुलांना मारणे हा गाभा ग्रीकांनी दिला, पण जांभळी पट्टी, खारे पीठ, काळजातले शकुन, थडग्यावर बसलेला बघ्या आणि छपरावरून प्रेक्षक शोधणारी आई यांतून त्या घटनेला जे वळण मिळाले ते रोमने दिले. माणसाच्या मनातला सूड सगळीकडे सारखाच असेल. तो कोणते कपडे घालून बाहेर येतो हे त्याचे गाव ठरवते, आणि ते कपडे बहुधा गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित जागेतून घेतलेले असतात. रोममध्ये ती जागा देऊळ होती, पंगत होती आणि मूनुस होते.

म्हणून 'थिएस्तेस' कोणी मराठीत आणणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे : मुलांच्या मृत्यूसाठी 'खून', 'कत्तल', 'हत्या' हे शब्द वापरू नयेत. ते फार प्रामाणिक शब्द आहेत, ऐकताक्षणी गुन्हा गुन्हाच दिसतो. आत्रेउसची भाषा तशी नाही. आपल्याकडे तिला तोडीस तोड शब्द आहेत. वैदिक पशुयागात बळीवर पाणी शिंपडण्याला 'प्रोक्षण' म्हणतात, आणि 'इम्मोलारे'चा मूळ अर्थ अगदी तोच, शिंपडणे. श्वास कोंडून पशूला मारण्याच्या क्रियेचे नाव 'संज्ञपन', म्हणजे शब्दशः त्याची संमती घेणे, आणि मारणारा तो 'शमिता', म्हणजे शांत करणारा. हे शब्द वापरले तर मराठी वाचकाला रोमन श्रोत्यासारखेच आतून हलायला होईल, कारण तेव्हा त्याला परक्यांची क्रूरता दिसणार नाही. हिंसेला सोज्वळ नावे देण्याची कला रोमनांइतकीच आपल्याही भाषेला येते, हे त्याला त्याच्याच शब्दांत कळेल. सेनेका वाचायचा तो एवढ्यासाठी.